संशयाचं अर्पण

माझ्या सासऱ्यांना सगळे सुरीकाका म्हणत. लहान मुलंही म्हणत आणि त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही. आमच्या वस्तीतल्या यहुदी घरांत जे मांस शिजायचं, ते त्यांच्याच सुरीखालून आलेलं असायचं, आणि हे चौतीस वर्षं चाललं होतं. आमच्यात जनावर कापणं हा नुसता धंदा नाही, ते धर्माचं काम आहे. त्यासाठी शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते आणि कापणारा माणूस देवाला भिणारा असावा लागतो. सासरे देवाला भीत होते यात शंका नाही, पण खरं सांगायचं तर ते बाकी सगळ्यालाच भीत होते. जिन्यातला दिवा गेला की खाली उतरायचे नाहीत. दुकानाच्या तपासणीचा कागद आला की पाकीट माझ्याकडून फोडून घ्यायचे. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा मला नवल वाटायचं, की झुरळ दिसलं की खुर्चीवर पाय घेणारा माणूस कोंबडी कापतो तरी कसा? मी हे त्यांना तोंडावर विचारलं होतं. माझं तोंड माझ्या ताब्यात कधीच नसतं. ते हसून म्हणाले, "सूनबाई, ज्याला भीती वाटत नाही, त्याच्या हातात सुरी देऊच नये."

त्यांची सुरी लांब होती आणि तिला टोक नव्हतं, पट्टीसारखी सरळ. तिच्या धारेत केसाएवढीही खाच असून चालत नाही. खाच असली तर ती गळा चिरत नाही, फाडते, जनावराला वेदना होतात आणि ते मांस आम्हाला वर्ज्य होतं. म्हणून कापायच्या आधी आणि कापून झाल्यावर सुरी तपासायची. धार आधी बोटाच्या मऊ भागावरून सरकवायची, मग नखावरून, इकडून तिकडे, तिकडून इकडे, मधोमध आणि दोन्ही बाजूंनी. एकूण बारा वेळा. सासरे तपासायला लागले की छताकडे बघायचे. डोळ्यांचा इथे काही उपयोग नाही, म्हणायचे, डोळे फसवतात, बोट फसवत नाही.

दुकानाच्या मागे फरशी घातलेली खोली होती, तिथे ते कापायचे. पुढच्या खोलीत मी. उरलेलं रक्त निघावं म्हणून कोंबड्या अर्धा तास पाण्यात, मग तासभर जाड मिठात, मग तीनदा धुवायच्या, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचंही मीच, कारण सासऱ्यांना गिऱ्हाइकांचीही भीती वाटायची. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. नवरा कामासाठी दुसऱ्या गावी, महिन्यातून चार दिवस घरी. त्यामुळे घरात आम्ही दोघंच, एक घाबरट आणि एक चिडकी. बरं चाललं होतं आमचं.

त्या गुरुवारी सकाळी मी त्यांना चहा नेऊन दिला. काचेच्या पेल्यात, नुकताच उकळलेला. मी कान नसलेला पेला फडक्यात धरून आणला होता, कारण तो हातात धरवत नव्हता. त्यांनी तो सरळ उचलला, चारही बोटं काचेभोवती घट्ट. मी "अहो, भाजेल" म्हणेपर्यंत ते घोट घेऊन मोकळे झाले होते, आणि ओठ पोळले म्हणून दचकले. ओठ पोळले, बोटं नाहीत. मी त्यांचा हात ओढून पाहिला. बोटांची टोकं लाल झाली होती, आणि तर्जनीवर एक जुना फोड होता, फुटून सुकलेला.

"हा कधी झाला?" मी विचारलं.

"कुठला?"

त्यांना फोड असल्याचंच माहीत नव्हतं. घाबरले की मला राग येतो, तसा आला. "बाबा, तुम्हाला बोटांना कळत नाही का?"

"कळतं की. साखर आहे मला, थोडं बधिर होतं कधीकधी. डॉक्टर म्हणाले होते, चालायचंच." आणि हात मागे घेऊन ते आतल्या खोलीत गेले. दार ते कधी लावत नाहीत, त्या दिवशी लावलं.

त्या दिवशी बेचाळीस कोंबड्या होत्या. शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा विश्रांतीचा दिवस सुरू होतो, त्या रात्रीच्या जेवणासाठी गुरुवारीच बहुतेक सगळे नेऊन ठेवतात. पहिल्या दोन नेहमीप्रमाणे मास्तरीणबाईंनी नेल्या. या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या, आणि सोवळ्याच्या बाबतीत इतक्या काटेकोर की दुधाचा चमचा चुकून मांसाच्या भांड्यात गेला तर भांडं टाकून देतील. "सुरीकाकांच्या हातचं म्हणजे मला विचारावं लागत नाही," असं म्हणून गेल्या. मी मीठ झटकत होते आणि माझं सगळं लक्ष मागच्या दाराकडे होतं.

दुपारी सगळं आटोपल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. फरशी धुतलेली होती. ते स्टुलावर बसले होते आणि सुरी मांडीवरच्या फडक्यावर आडवी होती. चेहरा पांढरा पडला होता.

"सूनबाई, तुझी नखं कापलेली नाहीत ना?"

"नाहीत. का?"

"गंमत म्हणून एकदा बघ. हळू. नख असं धारेवर ठेव आणि नुसतं सरकव. दाबू नकोस."

गंमत. चौतीस वर्षांत त्यांनी त्या सुरीला कोणाला बोट लावू दिलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने लहानपणी एकदा लावलं तर दोन दिवस बोलले नव्हते त्याच्याशी. मी नख ठेवलं आणि सरकवलं. पाण्यावरून जावं तसं ते गेलं, आणि शेवटापासून दोन बोटं अलीकडे काहीतरी अडलं. इतकं बारीक, की अडलं म्हणेपर्यंत पुढे गेलं होतं. मी परत फिरवलं. या वेळी अडलं नाही. तिसऱ्यांदा पुन्हा जरासं लागल्यासारखं वाटलं. माझं नख सकाळपासून मिठात भिजून खरखरीत झालं होतं, एका जागी चिरलंही होतं. सुरीत खाच होती की नखात, देव जाणे.

ते माझ्याकडे बघत होते. लहान मूल डॉक्टरच्या सुईकडे बघतं तसं. आणि मी म्हणाले, "गुळगुळीत आहे. काही नाही."

कसं म्हणाले ते मला आजही सांगता येत नाही. मी काही शिकलेली नाही, मला त्यातलं काय कळतं, असं मनात म्हटलं. बेचाळीसमधल्या तीस कोंबड्या लोकांच्या घरी पोचल्या होत्या, त्या परत मागायच्या कशा, असंही म्हटलं. पण खरं कारण एकच होतं. त्यांचा तो चेहरा मला बघवत नव्हता.

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला रडू येईल असं वाटलं. "उगाच धास्ती घेतो मी," ते म्हणाले. मग त्यांनी धारेचे तिन्ही दगड काढले, रोजच्यासारखी सुरी घासली, पुसली आणि पेटीत ठेवून दिली. खाच असलीच तर ती त्या पाच मिनिटांत गेली. आता तिचा पुरावा जगात कुठेही उरला नव्हता, फक्त माझ्या नखाला काय वाटलं ते माझ्याजवळ होतं.

संध्याकाळी ते जेवायला बसले तेव्हा दहा वर्षांनी लहान दिसत होते. पावाचा तुकडा मिठात बुडवला आणि बोलायला लागले. खूष असले की ते एकाच विषयावर बोलायचे, यहुद्यांच्या पूर्वीच्या मोठ्या मंदिरातली वेदी, तिथले याजक, म्हणजे पुजारी, आणि तिथली अर्पणं. ते मंदिर पडून जवळजवळ दोन हजार वर्षं झाली, पण सासरे असं बोलायचे की जणू परवाच तिकडून जाऊन आलेत. म्हणायचे, वेदी गेली तेव्हापासून आपलं जेवणाचं टेबल हीच वेदी, म्हणून पावाला मीठ, कारण तिथे प्रत्येक अर्पणाला मीठ लागायचं. एरवी मी मध्येच चेष्टा करायचे, की मग या वेदीवर कोपर टेकून पेंगणारा याजक कोण? त्या दिवशी मी नुसता पाव कुस्करत राहिले.

"लोकांना वाटतं, देवाला भूक लागायची म्हणून जनावरं न्यायचे," ते म्हणाले. "देवाला कशाला हवं मांस? अर्पण म्हणजे जवळ जाणं. चूक केली की माणूस लांब जातो, आणि परत जवळ यायचं तर रिकाम्या हाताने येववत नाही. म्हणून न्यायचं. पण नुसतं नेऊन भागायचं नाही. आपले दोन्ही हात त्या जनावराच्या डोक्यावर ठेवायचे, सगळा भार टाकून, आणि तोंडाने सांगायचं, मी हे हे केलं. मनात म्हणायचं, हे माझ्या जागी आहे, खरं तर इथे मी असायला हवा होतो. पुढचं सगळं याजक करायचा, रक्त, आग, सगळं. पण हात आणि तोंड ज्याचं त्यानेच द्यायचं."

"आणि ज्याला खात्री नसेल?" मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"कसली खात्री?"

"आपण चूक केली की नाही याची. म्हणजे समोर दोन तुकडे होते, एक चालणारा, एक वर्ज्य, आणि आपण कुठला खाल्ला ते आता कळायला मार्गच नाही. मग?"

त्यांचे डोळे चमकले. सुनेने असा प्रश्न विचारला म्हणून अभिमानच वाटला असावा. "त्यासाठी वेगळं अर्पण होतं. संशयाचं. आणि गंमत बघ, ज्याची चूक पक्की त्याला साधी बकरी चालायची, पण संशयवाल्याला मेंढा लागायचा, चांगला किमती. का माहिती आहे? ज्याला माहीत आहे आपण चुकलो, तो रडतो, झुरतो, त्याचं मन आधीच फिरलेलं असतं. पण संशय असलेला माणूस स्वतःची समजूत घालतो. म्हणतो, नसेलही, मला काय कळतं. आणि निवांत झोपतो. त्याला जागं करायला मोठं जनावर लागतं."

पाव माझ्या हातातून ताटात पडला. त्यांनी तो उचलून पुन्हा माझ्या हातात दिला.

शुक्रवारची सकाळ मी कशी काढली ते विचारू नका. राहिलेल्या बारा कोंबड्या घ्यायला माणसं आली, मी एकेकाला सांगत गेले, संपल्या. त्या समोर बर्फात दिसत असताना. एक जण म्हणाला, या काय मग? मी म्हणाले, त्या सांगून ठेवलेल्या आहेत. खोट्यावर खोटं रचत होते आणि दारात पाऊल वाजलं की वाटायचं, आता कोणीतरी येऊन म्हणेल, तुला माहीत होतं. सासरे मात्र मागे पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री करत गुणगुणत होते. महिनोन्महिने मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की महिनोन्महिने ऐकलं नव्हतं. म्हणजे त्यांना केव्हापासून कळत होतं?

मी जाऊन इस्त्री बंद केली आणि एका दमात सांगून टाकलं. नख अडलं होतं. दोनदा. कदाचित माझंच नख असेल. मी खोटं बोलले.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खाली बसले, सदरा मांडीवर घेऊन. मग कामातला प्रश्न विचारावा तसं विचारलं, "किती खोल?"

"केसाएवढं. असलं तर."

"सुरी तर मी घासून टाकली."

"हो."

"म्हणजे कळायचं नाही." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "सूनबाई, तू सांगितलं नसतंस तर कुणालाच कळलं नसतं."

"मी अजूनही कुणाला सांगणार नाही, बाबा. तुम्ही म्हणाल तसं." मी हे बोलले. बोलले म्हणून लिहिते आहे.

त्यांनी सदरा तसाच अंगात घातला, एक बाही इस्त्रीची, एक चुरगळलेली. सुरीची पेटी घेतली आणि म्हणाले, "चल."

आमचे रब्बी, म्हणजे वस्तीचे धर्मगुरू, तिशीतले होते. प्रार्थनाघराला लागून त्यांची खोली, तिथे ते बसले होते आणि मास्तरीणबाई कपाटाशी पुस्तकं लावत होत्या. दर शुक्रवारी लावायच्या. त्यांना बघून मी दारातच थांबले, पण सासऱ्यांनी त्यांच्यासमोरच सगळं सांगितलं, अगदी माझं खोटंही. माझं खोटं सांगताना एवढंच म्हणाले, "ती माझ्यासाठी घाबरली होती."

रब्बींनी पेटी उघडली. सुरी उचलायच्या आधी त्यांनी हात दोनदा सदऱ्याला पुसले. ते का, ते मला नंतर कळलं. कापणाऱ्याची सुरी रब्बीने अधूनमधून स्वतः तपासायची असते, आणि या बिचाऱ्याने दीड वर्ष ती तपासलीच नव्हती. सुरीकाकांची सुरी आपण काय तपासायची, असा मोठेपणाचा मान. त्यांनी बारा वेळा धार फिरवली, पुन्हा बारा वेळा.

"निर्दोष आहे," ते म्हणाले. "घासलेली आहे हे मान्य. पण सूनबाई नवख्या आहेत, नख चिरलेलं आहे, त्यांचं त्यांनाच नक्की सांगता येत नाही. काका, तुमच्या तपासणीत तर काही सापडलं नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग झालं." ते पुढे झुकले आणि आवाज एकदम खाली आणला, जवळजवळ विनवणीसारखा. "तुमच्या बोटांना कळतं ना? एवढं सांगा. तुम्ही हो म्हणालात तर मी सगळं योग्य धरू शकतो. कालचंही."

मास्तरीणबाईंच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. मी सासऱ्यांकडे बघितलं नाही, मला धीर नव्हता. एक शब्द पुरला असता. त्या एका शब्दात दुकान होतं, चौतीस वर्षं होती, रस्त्यात लोक करतात तो नमस्कार होता. आणि तो शब्द तद्दन खोटाही नव्हता, कारण थोडंथोडं कळायचं की त्यांना, कधीकधी.

त्यांनी दोन्ही हात रब्बींच्या टेबलावर ठेवले, तळवे खाली, आणि असे रेलले की टेबल करकरलं.

"नाही," ते म्हणाले. "मला कळत नाही. मी छताकडे बघून सरकवतो आणि काही लागलं नाही म्हणजे काही नाही, असं धरून चालतो. काही लागतच नाही मला. मी घाबरत होतो सांगायला."

"कधीपासून?" रब्बींनी विचारलं.

"तीन महिने. जास्तही असेल. माहीत नाही."

मास्तरीणबाई वळल्या. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मी काल रात्री सूप प्यायले," त्या म्हणाल्या. "मी विचारतसुद्धा नाही तुम्हाला. तीन महिने आमच्या ताटात काय वाढलंत, सुरीकाका?"

"माहीत नाही, बाई."

"माहीत नाही म्हणजे?"

"म्हणजे तेच. जन्मभर माहीत होणार नाही. मलाही आणि तुम्हालाही." त्यांचा आवाज फाटला. "दोष माझा. तुमच्यापैकी कुणाचा नाही."

मास्तरीणबाई पुस्तकं अर्धवट टाकून निघून गेल्या. रब्बींनी डोकं हातात धरलं आणि म्हणाले, सुरी मी तपासायला हवी होती. मग एकेका घरी फोन लावायला बसले, जेवढी घरं सूर्य मावळायच्या आत होतील तेवढी. कालचं मांस टाका. भांडी बाजूला ठेवा, काय करायचं ते नंतर सांगतो. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पहिल्या घरातली बाई पलीकडून मोठ्याने बोलत होती, ते दारापर्यंत ऐकू येत होतं. त्यात सासऱ्यांचं नाव होतं.

रस्ता रोजचाच होता, पाच मिनिटांचा. खिडक्यांमधून रश्श्याचा वास येत होता, आणि तो वास आला की ते मान खाली घालत. एक ओळखीचे गृहस्थ समोरून आले. त्यांना अजून काही कळलं नव्हतं, त्यांनी हात उंचावून नमस्कार केला. सासऱ्यांनी तो घेतला नाही. उद्या हाच माणूस रस्ता ओलांडून पलीकडे जाईल, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आमच्या दुकानावरून जाताना त्यांनी आत बघितलं नाही.

जिन्यातला दिवा गेलेला होता. खालच्या पायरीवर ते थांबले.

"मला फार भीती वाटते, सूनबाई," ते म्हणाले. "एवढी कधी वाटली नव्हती. आणि फार एकटं वाटतंय."

मी मघाच त्यांचा हात धरला होता, प्रार्थनाघराच्या दारातच, आणि तेव्हापासून घट्ट दाबून धरून चालत होते, माझी बोटं दुखेपर्यंत. अंधारात आम्ही तसेच उभे राहिलो. मग मला कळलं.

"बाबा," मी म्हणाले, "मी तुमचा हात धरलाय."

त्यांनी मान वळवून खाली पाहिलं. अंधारात दिसायला वेळ लागला असावा.

"हो का?" ते म्हणाले. "मग सोडू नकोस."